गळीत हंगामात गाईच्या दुधाचे फॅट दरवर्षी का घसरते आणि ते कसे सावरावे

साखर कारखान्याची मोळी पडली, म्हणजे उसाचे गाळप सुरू झाले, की पंधरा-वीस दिवसांत वाळवा, पलूस, कडेगाव आणि कराड या पट्ट्यातील गोठ्यांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. दूध मापात कमी झालेले नसते, गाय खाते-पिते, ताप नसतो, आणि तरीही संकलन केंद्राच्या पावतीवर 3.8 दिसणारे फॅट 3.3 किंवा 3.1 वर आलेले असते. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) या पायावर ठरत असल्यामुळे त्याखालच्या प्रत्येक पॉइंटला कपात बसते, आणि दहा-बारा गाईंच्या गोठ्यात ही कपात महिनाअखेरीस पेंडेच्या बिलाला जाऊन भिडते. मार्च-एप्रिलमध्ये तोड संपते, वाढे (चारा म्हणून घातले जाणारे उसाचे हिरवे शेंडे) बंद होते, दावणीत पुन्हा कडबा आणि मका येतो आणि फॅट बहुधा आपोआप वर चढते. नेमके यामुळेच कारण शोधायचे राहून जाते आणि पुढच्या दिवाळीनंतर तीच तक्रार नव्याने सुरू होते.

याचा दोष सरसकट वाढ्याला दिला जातो, तो मला अर्धाच पटतो. वाढे हा निकस चारा आहे हे खरे. पण फॅट पडते ते मुख्यतः वाढ्याची उणीव भरून काढण्यासाठी आपण जे आंबोण (पेंड, भरडा, भुसा यांचे खाद्य) वाढवतो त्यामुळे, आणि वाढे ज्या पद्धतीने कापून घालतो त्यामुळे. या दोन्हींचा परिणाम एकाच जागी दिसतो: गाईचे रवंथ कमी होते. म्हणून या तक्रारीचा तपास औषधाच्या दुकानापासून सुरू न करता पावती, रवंथ, शेण आणि दावण या क्रमाने करावा.

आधी पावती नीट वाचावी

फॅट गाईच्या कासेत कमी झाले आहे की कॅनपर्यंत येताना, हे पहिल्यांदा ठरवणे आवश्यक आहे. एकाच धारेत पहिल्या धारांचे फॅट 1 ते 2 टक्के असते आणि शेवटच्या धारांचे सहज 5-6 टक्क्यांच्या पुढे जाते. त्यामुळे वासराला शेवटी सोडण्याची पद्धत असेल तर सर्वांत दाट दूध वासरू पिते आणि पातळ दूध केंद्रावर जाते. धार घाईने उरकली, यंत्र लवकर काढले किंवा गाय पान्हा नीट सोडत नसेल तरीही हेच घडते. वासराला त्याच्या वाट्याचे दूध मोजून बाटलीने किंवा बादलीने पाजले तर हा गोंधळ दोन दिवसांत संपतो. केंद्रावर नमुना घेण्यापूर्वी कॅनमधील दूध तळापासून ढवळले जाते की नाही, हेही एकदा उभे राहून पाहावे.

दुसरी गोष्ट दोन धारांमधील अंतराची. अंतर जितके जास्त तितके दूध जास्त आणि फॅट कमी लागते. हंगामाच्या दिवसांत शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची असली की पहाटेची धार पुढे सरकते, संध्याकाळची मात्र केंद्राच्या वेळेमुळे जागच्या जागी राहते, आणि अकरा-तेरा तासांचे अंतर दहा-चौदा तासांचे होऊन बसते. अशा वेळी सकाळच्या पावतीची तुलना सकाळच्याच पावतीशी करावी, कारण सकाळचे फॅट संध्याकाळच्या फॅटशी ताडून पाहिले तर नसलेला आजार दिसू लागतो.

तिसरे, गोठ्यातील गाई कधी व्याल्या आहेत ते पाहावे. व्याल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी दूध सर्वाधिक असते आणि फॅट सर्वांत कमी असते. पुढे दूध उतरत जाते तसे फॅट चढते. गोठ्यातील निम्म्याहून अधिक गाई दसरा-दिवाळीच्या सुमारास व्याल्या असतील तर डिसेंबर-जानेवारीत एकत्रित फॅट थोडे उतरणारच, आणि ते उतरणे वाढ्याच्या खात्यावर लिहिण्याचे कारण नाही. होल्स्टिनचे रक्त जितके जास्त तितके फॅट मुळातच कमी राहते, जर्सी संकराचे त्याहून बरेच वर असते, हेही लक्षात ठेवून मगच शेजारच्या गोठ्याशी तुलना करावी.

एवढे वगळल्यावर एकेका गाईचे दूध स्वतंत्र काढून, नीट ढवळून, तिचा नमुना स्वतंत्र तपासून घ्यावा. बहुतेक केंद्रांवर ओळखीने हे काम होते. तपासणीत फॅट आणि एसएनएफ हे दोन आकडे जोडीने वाचावेत. फॅट पडले आहे, एसएनएफ जागेवर आहे आणि दूधही टिकून आहे, असे असेल तर पोटातील आम्लता वाढली आहे असा पहिला संशय घ्यावा. फॅट ठीक आहे पण एसएनएफ 8.2 किंवा 8.1 वर आले आहे आणि दूधही घटते आहे, तर गाईला एकूण ऊर्जा कमी पडते आहे. फॅट आणि एसएनएफ दोन्ही एकदम पडले असतील तर दुधात पाणी गेले आहे का, नमुना बिघडला आहे का, हे आधी पाहावे. आणि एकाच गाईचे एसएनएफ घसरले असेल तर सुप्त दगडीची (कासेच्या दाहाची) तपासणी करून घ्यावी, कारण कासेला सूज दिसण्याच्या कितीतरी आधी दुधातील साखर कमी होऊ लागते. पुढील विवेचन पहिल्या प्रकाराविषयी आहे, कारण गळीत हंगामात तोच सर्वाधिक आढळतो.

रवंथ, शेण आणि चघाळ

सकाळची वैरण खाऊन झाल्यावर दोन-तीन तासांनी, म्हणजे अकरा-बाराच्या सुमारास, गोठ्यात पंधरा मिनिटे काही न करता बसावे. बसलेल्या दहा गाईंपैकी किमान पाच-सहा गाई रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. मग एखाद्या गाईच्या गळ्याकडे पाहावे: घास वर येताना गळ्याखालून एक उंचवटा सरकत जबड्यात येतो, गाय तो चघळते आणि पुन्हा गिळते. त्या एका घासाला जबडा किती वेळा फिरतो ते मोजावे. पन्नास ते साठ किंवा त्याहून अधिक वेळा फिरत असेल तर चाऱ्यात पुरेसा रेशा, म्हणजे तंतुमय भाग, आहे. पस्तीस-चाळीसवर घास गिळला जात असेल, किंवा गाई नुसत्या बसून सुस्कारे टाकत असतील, तर फॅट का पडले याचे उत्तर निम्मे मिळाले असे समजावे.

निरोगी गाय दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते आणि त्या काळात तिच्या तोंडातून 100 ते 150 लिटर लाळ पोटात जाते. लाळेत खाण्याच्या सोड्यासारखाच क्षार असतो आणि दिवसाचा हिशेब केला तर तो किलोहून अधिक भरतो. पोटात सतत तयार होणारे आम्ल शमवण्याची गाईची ही स्वतःची व्यवस्था आहे. ती बंद पाडून वरून शंभर ग्रॅम सोडा घालणे हा व्यवहार कसा आहे, हे एवढ्यावरून कळावे.

त्यानंतर शेण पाहावे. चांगल्या पचनाचे शेण पडताना गोल वलये धरते आणि दोन-तीन बोटे उंच राहते. आम्लता वाढलेल्या गाईचे शेण पातळ, चकाकणारे, कधी बुडबुडे असलेले असते. एकाच गोठ्यात एकच वैरण खाणाऱ्या गाईंपैकी काहींचे शेण घट्ट आणि काहींचे पातळ असेल तर काही गाई आंबोण निवडून खात आहेत किंवा दांडगाईने दुसरीचा वाटा ओढत आहेत. अधिक नेमके पाहायचे असेल तर ओंजळभर शेण पिठाच्या जुन्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवावे. चाळणीत अर्ध्या इंचाहून लांब काड्या आणि मक्याचे फुटके दाणे जसेच्या तसे राहिले, तर चारा आणि भरडा दोन्ही पोटातून न पचता पुढे गेले आहेत. पेंडेचा पैसा शेणखड्ड्यात जातो आहे हे सांगायला याहून स्वस्त तपासणी नाही.

शेवटी दावणीतले चघाळ, म्हणजे गाईने खाऊन उरवलेला चारा, पाहावे. वाढ्याच्या जाड शिरा आणि दांडे तेवढे उरले असतील तर गाईने पानाचा मऊ भाग निवडून खाल्ला आणि रवंथाला लागणारा रेशा टाकून दिला. आपण 20 किलो वाढे घातले एवढेच आपल्याला ठाऊक असते. गाईने त्यातले किती खाल्ले हे चघाळ तोलल्याशिवाय कळत नाही.

पोटात नेमके काय घडते

गाईच्या मोठ्या पोटात चाऱ्यातील रेशा पचवणारे जंतू वेगळे आणि भरडा-पेंडीतील पिठूळ भाग पचवणारे जंतू वेगळे. रेशा पचताना मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल तयार होते आणि कासेतील फॅटचा जवळजवळ निम्मा भाग याच आम्लापासून व त्याच्या जोडीच्या ब्युटिरिक आम्लापासून घडतो. पिठूळ भाग पचताना प्रोपिऑनिक आम्ल अधिक तयार होते. त्यापासून साखर बनते आणि दूध मापात टिकून राहते. म्हणूनच आंबोण वाढवले की दूध टिकते आणि फॅट पडते. शेतकऱ्याला यात विसंगती वाटते, पण गाईच्या पोटाचा हा सरळ हिशेब आहे.

रेशा पचवणाऱ्या जंतूंना पोटाचा पीएच 6.2 ते 6.8 च्या दरम्यान लागतो. तो 6 च्या खाली गेला की त्यांचे काम मंदावते, आणि रोज काही तास 5.8 च्याही खाली राहू लागला की गाय आजारी दिसत नाही पण चारा कमी खाऊ लागते, एक दिवस चांगली खाते, दुसऱ्या दिवशी मागे सरते, आणि काही महिन्यांनी खुरांत दुखू लागून पाय उचलत चालते. खुरांचा त्रास जानेवारीत झालेल्या चुकीचा असतो आणि दिसतो मार्च-एप्रिलमध्ये, त्यामुळे त्याचा संबंध कोणी खाद्याशी जोडत नाही.

आणखी एक गोष्ट कमी जणांना माहीत असते. पेंडीत, मक्यात आणि तेलात असणारी स्निग्धाम्ले पोटातील जंतू एरवी पूर्णपणे बदलून टाकतात. पण आम्लता वाढली की हे काम अर्धवट राहते आणि त्यातून तयार होणारी काही स्निग्धाम्ले रक्तावाटे कासेत पोहोचून फॅट तयार होण्यालाच लगाम घालतात. फॅट लागत नाही म्हणून आंबोणात गोडे तेल ओतणाऱ्यांचे फॅट आणखी का पडते, याचे कारण हेच आहे.

वाढ्याचा स्वतःचा दोष दुहेरी आहे. त्यातील शुष्क पदार्थात (पाणी वगळून उरणाऱ्या भागात) प्रथिने जेमतेम 5-6 टक्के असतात, आणि चाऱ्यात प्रथिने 7 टक्क्यांच्या खाली गेली की रेशा पचवणाऱ्या जंतूंचीच उपासमार होते. शिवाय वाढ्यातील ऑक्झलेट चुन्याला बांधून ठेवते, त्यामुळे खाद्यातील कॅल्शियम गाईला पुरेसे मिळत नाही. हा दुसरा दोष फॅटशी थेट निगडित नाही, पण नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाय व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत बसते, वार अडकते किंवा पुढे गाभण न राहता वारंवार उलटते, तेव्हा त्यात याचा वाटा असू शकतो. दररोज 50 ते 100 ग्रॅम खनिज मिश्रण हंगामभर चुकवू नये. चुन्याची निवळी द्यायची असेल तर तिचे प्रमाण आपल्या पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.

एका गाईचा हिशेब

समजा 450 किलो वजनाची, 15 लिटर दूध देणारी होल्स्टिन संकरित गाय आहे. हंगामात तिला साधारण 20 किलो वाढे, 5 किलो गोळी पेंड, 2 किलो मका भरडा आणि 1 किलो गव्हाचा भुसा (कोंडा) मिळतो, आणि हे 8 किलो आंबोण भिजवून दोन धारांच्या वेळी चार-चार किलो असे दिले जाते. वाढ्यातील शुष्क पदार्थ सुमारे 28 टक्के धरला तर चाऱ्यातून 5.6 किलो आणि आंबोणातून 7.2 किलो शुष्क पदार्थ पोटात जातो; म्हणजे एकूण 12.8 किलोपैकी 56 टक्के आंबोणच झाले. त्यातून 5 किलो वाढे चघाळ म्हणून दावणीत उरले, तर चाऱ्याचा वाटा 4.2 किलोवर येतो आणि आंबोणाचा वाटा 63 टक्क्यांवर जातो. चाऱ्याचा वाटा निम्म्याच्या वर असावा आणि 40 टक्क्यांच्या खाली तर कधीच जाऊ नये, अशी अपेक्षा असताना ही गाय उसाच्या फडात उभी असूनही चाऱ्याला मुकलेली असते.

दर लिटरला 400 ग्रॅम आणि शरीरपोषणाला दीड किलो, या आपल्याकडे रूढ असलेल्या नियमाने पाहिले तर 15 लिटरला साडेसात किलो आंबोण बसते, आणि त्यामुळे आठ किलोत काही चुकले आहे असे कोणाला वाटत नाही. माझ्या मते हा नियम चारा कसाही असला तरी चालवला जातो, हेच त्याचे दुबळेपण आहे. चाऱ्याचा दर्जा सुधारला की आंबोण कमी करता येते आणि करायलाही हवे.

त्याच गाईला 12 किलो वाढे, 3 किलो कडबा, 10 किलो मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), 5 किलो मेथीघास (लसूणघास) आणि साडेपाच किलो आंबोण दिले, तर चाऱ्यातून सुमारे 10 किलो आणि आंबोणातून 5 किलो शुष्क पदार्थ जातो. ऊर्जा पहिल्यापेक्षा कमी पडत नाही, प्रथिने 15 लिटरला पुरतात, आणि रवंथाला काम मिळते. मुरघास नसेल तर 15 किलो हिरवा मका त्याच जागी चालतो. मेथीघास नसेल तर आंबोणातील मका भरडा कमी करून शेंगदाणा पेंड किंवा सरकी पेंड वाढवावी, कारण वाढ्याबरोबर उणीव पिठूळ भागाची नसून प्रथिनांची असते, आणि आपण नेमका उलट भरडा वाढवत असतो.

कडब्याच्या पेंढीचे वजन गावागणिक वेगळे असते, वाढ्याची पेंढी तर बांधणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. तेव्हा हे सारे आकडे पेंढ्यांत न मोजता एकदा तरी वजनकाट्यावर तोलून घ्यावेत. घरची पाटी किंवा घमेले भरून आंबोणाचे वजन करून पाहिले तर "दोन-दोन किलो देतो" म्हणणाऱ्याचे तीन-तीन किलो निघतात, असा अनुभव वारंवार येतो.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी

सर्वांत आधी क्रम बदलावा, कारण त्याला पैसा लागत नाही. पहाटे रिकाम्या पोटी आंबोणाचे घमेले पुढे ठेवण्याऐवजी आधी किलो-दीड किलो कडबाकुट्टी खाऊ द्यावी आणि मग धारेच्या वेळी आंबोण द्यावे. एका वेळी दोन ते अडीच किलोहून अधिक आंबोण देऊ नये. साडेपाच किलोचे तीन वाटे करावेत आणि मधला वाटा दुपारी कुट्टीत कालवून द्यावा. आंबोण लपथपीत भिजवण्याची सवयही सोडावी, कारण भिजलेले आंबोण गाय न चावता ओढून घेते आणि त्याबरोबर लाळ पोटात जात नाही. ज्या गाईला कोरडे खायची सवय नाही तिच्यासाठी पाण्याचा हात मारण्यापुरता ओलावा पुरतो.

दुसरे काम कडबाकुट्टी यंत्राचे. वाढ्याचे दांडे गाय टाकते म्हणून यंत्राची कापणी इतकी बारीक ठेवलेली असते की बाहेर पडणारा चारा भुश्यासारखा दिसतो. असा चारा दावणीत उरत नाही हे खरे, पण तो रवंथालाही उरत नाही. तुकड्याची लांबी साधारण इंचभर ठेवावी. तीन-चार इंचांचे तुकडे गाय निवडून टाकते आणि पाव इंचाचे तुकडे पोटातून सरळ पुढे निसटतात. पाती बोथट झाली असतील तर वाढे कापले न जाता चेचले जाते आणि शिरांचे लांब दोरे निघतात; तेव्हा लांबीचा स्क्रू फिरवण्यापूर्वी पात्यांना धार लावून घ्यावी. वाढे, कडबा आणि हिरवा चारा यांची कुट्टी एकत्र कालवून वर थोडे पाणी शिंपडले की गाईला निवड करणे अवघड जाते. वाढे शक्यतो त्याच दिवशीच्या तोडीचे घ्यावे. दोन-तीन दिवस ढिगात राहिलेले वाढे आतून तापते, बुरशी धरते आणि गाय ते आणखीच टाकते.

तिसरे, आंबोण कमी करणे आणि चारा वाढवणे हे आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने करावे. पोटातील जंतूंना नव्या खाद्याला सरावायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून बदल केल्यावर तिसऱ्या दिवशी पावती पाहून निराश होऊ नये. शेण दोन-चार दिवसांत सुधारते, रवंथ आठवड्यात वाढते, आणि फॅट दहा ते पंधरा दिवसांनी चढू लागते. या काळात दूध अर्धा-एक लिटर उतरले तर घाबरून लगेच पेंड वाढवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. फॅटच्या दराने हिशेब केला तर हे उतरलेले दूध बहुधा भरून निघते आणि पेंडही वाचते.

पाणी हा विषय थोडक्यात संपतो: दिवसरात्र पुढे असावे आणि स्वच्छ असावे. दिवसातून दोनदा पाणी दाखवण्याच्या पद्धतीत गाय चारा कमी खाते.

बाजारात मिळणारे उपाय

खाण्याचा सोडा आंबोणातून दिवसाला 100 ग्रॅमपर्यंत, दोन वाट्यांत विभागून, दिला तर आम्लता थोडी आवरते. चारा सुधारेपर्यंतचा आधार म्हणून तो द्यायला हरकत नाही, पण वर्षानुवर्षे सोडा चालू असलेल्या गोठ्यात मूळ दोष तसाच राहिलेला असतो.

सरकीचा अनुभव बऱ्याच जणांना चांगला येतो आणि त्याला आधार आहे. अख्ख्या सरकीला कापसाचे तंतू असतात, ते रेश्याचे काम करतात, आणि तिच्यातील तेल कवचाच्या आत असल्यामुळे पोटात हळूहळू सुटते. मात्र दीड-दोन किलोच्या पुढे जाऊ नये, आणि सरकी पेंडेला हाच गुण लागू होईल असे समजू नये, कारण पेंडीतून तेलही गेलेले असते आणि तंतूही बरेचसे गेलेले असतात. वासरांना सरकी देऊ नये.

बायपास फॅट म्हणून मिळणारी पावडर पोटातील जंतूंना त्रास न देता पुढे जाऊन पचते. ताज्या व्यालेल्या, जास्त दुधाच्या आणि अंगावरून उतरत चाललेल्या गाईला 100 ते 200 ग्रॅम देण्यात अर्थ आहे. पोटातील आम्लतेमुळे पडलेल्या फॅटवर तिचा उपयोग तात्पुरता आणि महाग ठरतो. फॅट वाढवण्याची हमी देणाऱ्या इतर पुड्या आणि बाटल्यांबद्दल माझे मत असे की, ज्या गोठ्यात रवंथ मोजलेले नाही तिथे त्या विकत घेऊ नयेत.

ही वेगळी प्रकरणे आहेत

लग्नसराईत उरलेला भात, चपात्या, बुंदी गाईपुढे टाकली जाते, किंवा दावे सुटलेली गाय भरड्याच्या पोत्यावर जाते. त्यानंतर काही तासांत तिने खाणे सोडले, पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे लागले, शेण आंबूस वासाचे पातळ झाले आणि ती बसून राहिली, तर ते प्रकरण जिवावरचे आहे. तिथे सोडा, तेल असे घरगुती उपाय करण्यात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावे. तसेच व्यालेली गाय मान पोटाकडे वळवून बसली, कान गार पडले, तर ती कॅल्शियमची कमतरता असू शकते आणि त्यालाही तातडीने शिरेतून औषध लागते. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या प्रकरणांत गाव-तालुक्याच्या दवाखान्यातून तिथे पुढे जाता येते.

एप्रिल-मे मध्ये फॅट पडते ते उष्णतेने. गाय दुपारी चारा खात नाही, धापा टाकते, लाळ बाहेर गाळते आणि रवंथ कमी करते. तेव्हा वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि सूर्यास्तानंतर घालावा, सावली आणि पाणी पाहावे. जून-जुलैमध्ये पाटण, शिराळ्याकडे डोंगरउतारावर लुसलुशीत गवत येते आणि गाई त्यावर सुटतात, तेव्हाही शेण पातळ होऊन फॅट पडते. त्याला चरायला सोडण्यापूर्वी दोन किलो कडबा किंवा भाताचा पेंढा एवढा उपाय बहुधा पुरतो.

पुढच्या हंगामाची तयारी

ज्यांच्याकडे नुसता ऊस आहे त्यांना ऐन डिसेंबरमध्ये कडबा, मका, मेथीघास आणा असे सांगणे व्यवहार्य नसते, हे मान्य आहे. म्हणून ही तयारी आधीच व्हावी लागते. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि कडब्याचा भाव वर्षभरातला सर्वांत उतरलेला तेव्हाच असतो. त्या वेळी गाडी भरून आणलेली, पावसाआधी व्यवस्थित गंज रचून झाकलेली वैरण पुढच्या नोव्हेंबरपर्यंत टिकते. मालदांडी ज्वारीच्या कडब्याला जनावरे सहसा तोंड फिरवत नाहीत, आणि गाईमागे दिवसाला तीन किलो धरले तर पाच महिन्यांच्या हंगामाला साडेचार क्विंटल पुरतो.

खरिपात दहा-पंधरा गुंठे चाऱ्याचा मका घेतला तर सप्टेंबरमध्ये दाणा चिकात असताना कापून त्याचा मुरघास करता येतो. कापणीच्या वेळी मक्यात 30 ते 35 टक्के शुष्क पदार्थ असावा. मूठभर कुट्टी हातात घट्ट दाबून सोडली की गोळा हळूहळू सुटावा, बोटांतून पाणी गळू नये. बॅगेत दाबताना हवा राहू दिली नाही तर 45 दिवसांनी, म्हणजे मोळी पडण्याच्या सुमारास, बॅग उघडता येते. ऊस खोडव्याचा असेल तर बांधाच्या कडेने फुले जयवंतसारखे संकरित नेपियर लावायला जागा निघते, मात्र त्यातही ऑक्झलेट असल्यामुळे ते वाढ्याला पर्याय न समजता मेथीघासाच्या जोडीने वापरावे. मेथीघासाची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी लागते आणि पहिली कापणी यायला साधारण दोन महिने जातात, तेव्हा पाच गुंठ्यांचा तो वाफा उसाची तोड येण्याआधीच पेरून ठेवावा.